हर्णै ते मालवण : मेपल लीफ्सच्या सहा पहाटा

मेपल लीफ्स हा कॅनडातल्या टोरोंटोचा आइस हॉकी संघ. टोरोंटोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा कोकणात पहाटेचे साडेचार झालेले असतात. हा साडेनऊ तासांचा फरक मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतच. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच सामना आपल्याकडे साडेपाचला सुरू होतो. नव्याने आइस हॉकी बघू लागलेल्यांची नोव्हेंबरात आणि मार्चात हमखास गफलत होते ती इथेच, म्हणून हे आधी सांगितलं.

ऑक्टोबर ते एप्रिल असा साखळी सामन्यांचा हंगाम घरी बसून बघता येतो. प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, गोष्ट वेगळी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात प्लेऑफ सुरू होतात. सात सामन्यांची मालिका, चार आधी जिंकेल तो पुढच्या फेरीत, आणि सामने साधारण एक दिवसाआड. कोकण किनाऱ्याचा प्रवासही एक दिवसाआडच करावा, दोन खाड्यांच्या मध्ये एक दिवस थांबावं, असं माझं ठाम मत आहे. २०२५ मध्ये टोरोंटो मेपल लीफ्स विरुद्ध ऑटावा सेनेटर्स ही पहिल्या फेरीची मालिका आम्ही अशीच बघितली : सामन्याच्या दिवशी मुक्काम, मधल्या दिवशी पुढचं गाव. हर्णैला सुरुवात, मालवणला शेवट.

आधी खोल्यांचं. साखळी सामने संपल्यावर प्लेऑफचं पूर्ण वेळापत्रक हातात येतं, म्हणजे पहिल्या सामन्याच्या जेमतेम तीन-चार दिवस आधी. त्यातही पहिले चार सामने पक्के. पाचवा, सहावा, सातवा लागला तर. इकडे मे महिन्याच्या सुट्टीमुळे मालवण-तारकर्लीच्या खोल्या त्याआधीच भरलेल्या असतात. आम्ही पहिले तीन मुक्काम पक्के केले आणि देवगड-मालवणच्या घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन करून सरळ सांगितलं, की आदल्या दिवशी दुपारपर्यंत नक्की कळवू. बहुतेकांची तयारी असते. १ मे हा महाराष्ट्र दिन मध्ये येत असेल, तर त्या रात्रीची खोली मात्र आगाऊ पैसे भरूनच ठेवा.

खोली ठरवताना समुद्र दिसतो का, हे मागाहून विचारा. आधी विचारायचं ते रेंजचं. कोकणातली बरीच गावं डोंगराच्या पायथ्याला, माडा-पोफळीच्या आगरांत दडलेली असतात आणि मोबाइलचे टॉवर वर सड्यावर. खाली वाडीत एक काडी रेंज, तर पाखाडी चढून सड्यावर गेलं की पूर्ण. घरमालकांना 'नेट आहे का' विचारलं की 'आहे' असंच उत्तर येतं. त्याऐवजी कोणत्या कंपनीचं सिम पडवीत चालतं, तारेचं वायफाय आहे का आणि लाइट गेल्यावर ते चालू राहतं का, हे तीन प्रश्न विचारावेत. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो बॅगेत असला की दोन-तीन तासांची काळजी मिटते. पण वीज रात्रीपासूनच गेलेली असेल तर टॉवरची बॅटरीही उतरते आणि मग घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नसतो. अशा पहाटेसाठी रेडिओ समालोचनाची सोय ठेवावी. ३ मेगाबिटचं चित्र तासाला सुमारे १.३५ जीबी खातं, १२८ किलोबिटचा आवाज ६० एमबीच्या आत भागतो आणि एका काडीवरही चालतो.

२१ एप्रिल, हर्णै. कागदावर साडेचार, पण राष्ट्रगीतं वगैरे होऊन पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, खाली पडायला चार चाळीस होतात. वीस मिनिटांचे तीन पिरियड, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे एक पिरियड पस्तीस ते चाळीस मिनिटं चालतो. मध्ये अठरा मिनिटांची दोन मध्यंतरं. हिशेब असा बसतो : पहिलं मध्यंतर सव्वापाचच्या पुढेमागे, दुसरं सव्वासहाला. एप्रिलअखेर या किनाऱ्यावर सूर्य उगवतो तोही सव्वासहालाच. दुसऱ्या मध्यंतरात चूळ भरून अंगणात यावं, तर मागच्या डोंगरावरून उजेड उतरत सुवर्णदुर्गाच्या तटावर पोचलेला असतो. तिसरा पिरियड चहाबरोबर.

त्या दिवशी लीफ्स ६–२ असे जिंकले, त्यातले तीन गोल पॉवर प्लेवर. कबड्डी जाणणाऱ्या कोकणी माणसाला पॉवर प्ले पटकन कळतो : समोरच्याचा एक गडी दोन मिनिटं बाहेर बसला आहे, आपण पाच आणि ते चार, एवढ्या वेळात गुण काढायचा. फरक इतकाच, की इथे गोल झाला की बाहेर बसलेला गडी लगेच आत येतो.

छोट्या पडद्यावर बघताना एक सवय लावून घ्यावी. पकचा व्यास ७.६ सेंटिमीटर, रिंक म्हणजे बर्फाचं मैदान ६१ मीटर लांब. नेट मंदावलं की चित्रात सगळ्यात आधी पकच पुसला जातो. त्याच्यामागे डोळे लावलेत तर दहा मिनिटांत डोकं धरतं. खेळाडूंचे खांदे आणि काठ्यांची पाती बघा, पक कुठे चालला आहे ते आपोआप कळतं. आणि मोबाइलवरच्या स्कोअरच्या सूचना बंद करा. चित्र खऱ्या सामन्याच्या अर्धा-एक मिनिट मागे असतं, सूचना नसते.

२२ तारखेला दाभोळच्या फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर. फेरीबोटीत गाडी चढवताना फार काही नाही : माणसं आधी उतरतात, गाडी बोटीवरचा माणूस सांगेल तशी लावायची, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी जेटीवर विचारावं.

गुहागरला २३ च्या पहाटे ओव्हरटाइम झाला आणि त्या प्रवासातला मोठा धडा मिळाला. साखळी सामन्यात बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन-तीन गड्यांचा खेळ आणि मग शूटआउट, म्हणजे साडेसातच्या आत सगळं आटोपतं. प्लेऑफमध्ये तसं नाही. पुन्हा पूर्ण मध्यंतर, पुन्हा पाचाला पाच, पुन्हा वीस मिनिटं, आणि पहिला गोल पडला की सामना खलास. नाही पडला तर आणखी वीस मिनिटं. याला अंत नाही. म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळची बोट, एसटी, गाडीवाला, काहीही ठरवू नये. त्या दिवशी लीफ्सच्या मॅक्स डोमीने तीन मिनिटं उलटताच गोल केला, ३–२. दोन दिवसांनी गणपतीपुळ्याजवळ तिसरा सामना बघितला, तोही ओव्हरटाइममध्ये ३–२, गोल सायमन बेन्वाचा, दीड मिनिटाच्या आत. बचावपटूचा तो गोल मी आजवर कितीदा बघितला असेल, मोजलेलं नाही.

गुहागर ते गणपतीपुळे हा टप्पा घाईचा करू नका. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला यायचं आणि तिथून फेरीबोटीने जयगड. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघण्यासारखी असते, ओहोटीला नुसती खडकातली भेग दिसते. भरतीची वेळ गावात कोणालाही तोंडपाठ असते.

पुढचा मुक्काम रत्नागिरी, आरे-वारेच्या रस्त्याने. चौथा सामना २७ च्या पहाटे. मालिका ३–० अशी हातात, आणि सलग तिसरा ओव्हरटाइम. या वेळी अठराव्या मिनिटाला जेक सँडरसनने ऑटावासाठी गोल केला, ४–३. पोह्यांची वेळ उलटून गेली होती.

त्याच दुपारी मिरकरवाड्याच्या बंदरात गेलो. आइस हॉकीच्या प्रत्येक चाहत्याने इथला बर्फ जवळून बघावा, असं मला मनापासून वाटतं, कारण मासळीसाठी लादी ज्या रीतीने गोठते त्याच रीतीने रिंक गोठतं. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या यंत्राने ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली थंड करतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे, की आतली लादी तयार होते. रिंकमध्ये तेच खारं पाणी किंवा ग्लायकॉल काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांतून फिरतं आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात. सगळा मिळून बर्फ इंच-सव्वा इंच. रेषा आणि पांढरा रंग या थरांच्या मध्येच असतात.

मिरकरवाड्याची लादी उन्हात धरून बघितली तर कडा काचेसारख्या स्वच्छ आणि मधला गाभा दुधाळ. डब्यात बाहेरून आत गोठत जाताना पाण्यातली हवा मध्ये ढकलली जाते आणि शेवटी तिथेच अडकते. तो गाभा ठिसूळ असतो, टोच्याने आधी फुटतो तो तिथेच. रिंकवर असा ठिसूळपणा परवडत नाही, म्हणून मध्यंतरात फिरणारं झांबोनी यंत्र गरम पाणी सोडतं. गरम पाण्यात हवा कमी असते. शिवाय स्केटच्या पात्यांनी पडलेल्या चऱ्यांच्या कडा त्याने किंचित विरघळतात आणि नवा थर जुन्याला घट्ट धरतो. त्याआधी यंत्राचं पातं वरचा खरवडलेला पापुद्रा काढून घेतं. प्लेऑफ पुढे सरकतील तसं बाहेरचं हवामान तापतं, हजारो माणसांच्या श्वासाची वाफ आत असते आणि बर्फ मऊ पडतो. पक सामन्याआधी मुद्दाम गोठवून ठेवतात, रबर उसळू नये म्हणून. मऊ बर्फावर तरीही तो उड्या मारतो, सरळ पास काठीवरून निसटतात. मे महिन्यातल्या सामन्यात चांगले खेळाडू साधा पास चुकवताना दिसले, तर आधी बर्फाकडे बघा.

चौथ्या आणि पाचव्या सामन्यात दोन दिवसांचं अंतर होतं, ते आम्ही रत्नागिरी ते देवगड या लांबच्या टप्प्याला वापरलं : पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. रस्ता अरुंद, वळणांचा, आणि या दिवसांत आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो समोरून येतात. घाई नको. देवगडात पेटी घ्यायची तर थेट बागेतून, आणि अर्धी कच्ची. अढीत गवतात ठेवलेला आंबा दोन-तीन दिवसांनी देठाजवळ हात लावला की दबतो आणि वास सुटतो, तेव्हा खायचा. गाडीच्या डिकीत बंद ठेवलात तर उष्णतेने एका बाजूने नरम पडतो.

३० एप्रिल, देवगड. ०–४. स्वतःच्या घरच्या बर्फावर लीफ्सना एकही गोल करता आला नाही. या संघामागे जे जातात त्यांना ही पहाट काय असते ते सांगायला नको. त्यांनी जिंकलेला शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे या स्पर्धेचा विजेतेपदाचा चषक, १९६७ चा. २०१३ मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात तिसऱ्या पिरियडमध्ये ४–१ असे पुढे असताना हरले. २०२१ मध्ये मॉन्ट्रियालविरुद्ध मालिकेत ३–१ ने पुढे असताना हरले. आणि याच संघाने १९४२ च्या अंतिम मालिकेत ०–३ अशा पिछाडीवरून चार सामने जिंकून कप उचलला होता. अंतिम मालिकेत तसं दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेलं नाही. ऑटावाचे लोक तेव्हा तेच उदाहरण एकमेकांना सांगत असणार, हा विचार कुणकेश्वर-आचऱ्याच्या रस्त्यावर मालवण येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

२ मे, मालवण. चार वाजता उठलो, वायफाय तपासलं, लाइट होती. बंदराकडून माशांचा वास आणि खारा वारा. पहिल्या पिरियडमध्ये मॅथ्यूजचा पॉवर प्लेवर गोल, पुढे नीलँडरचा, २–०. मग ऑटावाने दोन्ही फेडले. सूर्य वर आला, पडवीत ऊन शिरलं, लॅपटॉप सरकवत सरकवत भिंतीपाशी नेला. सहा मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता तेव्हा लीफ्सच्या मॅक्स पॅचोरेटीने पक जाळ्यात घातला. ३–२.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मागे असलेला संघ गोलरक्षकाला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरवतो. मागे जाळं उघडं. घरात पहिल्यांदा बघणारं कोणी असेल तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर गोलरक्षक पळून का गेला म्हणून गोंधळ होतो. ऑटावाने तेच केलं. नीलँडरकडे पक आला, समोर कोणी नाही. त्याने तो उघड्या जाळ्यात सरकवला आणि ४–२ झालं. घरमालकीणबाई घावणे घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, संपलं का, आणि मी म्हटलं, हो काकू, ही मालिका संपली, पुढची सोमवारपासून फ्लोरिडाबरोबर. म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे.