पाणी गढूळ आलं तो रविवार

मातीच्या धरणातून पाणी पाझरणारच. पायथ्याच्या चरातून स्वच्छ पाणी झुळझुळत असेल तर आम्ही शाखा अभियंते निवांत झोपतो. झोप उडते ती त्याचा रंग बदलला की.

पुण्यापासून तासाभरावरचा आमचा तलाव लहानसाच. खालच्या गावांची नळयोजना त्याच्यावर, शिवाय पावसाळी रविवारी बोटिंग, भाजलेली कणसं आणि धरणाच्या माथ्यावर ओळीनं गाड्या. त्या जुलैत तलाव भरून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, वाहायला लागला आणि चौकीदार मामांचा फोन आला. "मॅडम, विमोचकाच्या अंगाला पानी फुटलंय. चहावानी येतंय." विमोचक म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायची, भरावाखालून जाणारी पाइपाची वाट.

पोचल्यावर पर्यटकांची एक रिकामी बाटली उचलली, त्यात ते पाणी भरून दगडावर ठेवली. बघता बघता तळाशी पिवळट थर बसला. म्हणजे भरावातली माती वाहून येत होती. याला पायपिंग म्हणतात. पोकळी पायथ्याकडून मागे जलाशयाकडे सरकत जाते. विमोचकाच्या पाइपालगत हा धोका जास्त, कारण पाइपाच्या पोटाखाली माती नीट दाबली जात नाही.

गावची पोरं तोवर भोक बुजवायला काळी माती घेऊन आली होती. मी अडवलं. तोंड बांधलं की पाणी दुसरीकडून फुटतं. पाणी जाऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची. त्यासाठी आधी जाड वाळू, वर बारीक खडी, मग मोठी खडी, शेवटी दगड. वाळू मिळवताना मात्र नाकी नऊ आले. शेवटी एका घराच्या बांधकामावरून ट्रॉली उचलून आणली.

माथ्यावरची गर्दी पोलिसांनी हटवली. "एवढ्या लांबून आलोय, एक फोटो तरी," हे ऐकायला मिळालंच.

खरा पेच पाणी उतरवण्याचा. पाइपच गळत असेल तर झडप उघडून धोका वाढणार. म्हणून वरिष्ठांची तोंडी परवानगी घेऊन सांडव्याची भिंत पोकलेननं एका बाजूला फोडायला घेतली. सरपंच आडवे आले. "ताई, उन्हाळ्यात टँकर तुम्ही पाठवणार का?" प्रश्न रास्तच होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारचे एक आजोबा एवढंच म्हणाले, "पानशेत इसरलास व्हय रं?" 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. तिथेही आधी खचला तो विमोचकावरचाच भराव. सरपंच बाजूला झाले.

मामांनी रात्रभर बाटल्या भरून ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर वेळ लिहून. पहाटेच्या बाटलीत तळ स्वच्छ होता.

तलाव त्या वर्षी अर्धाच राहिला. बोटी काठावर पालथ्या पडल्या, आणि एप्रिलमध्ये गावाला टँकर लागला. सरपंच भेटले की अजून बोलून दाखवतात.