ओढ्याच्या वरच्या अंगाला, कातीच्या शोधात

पहाटे गाडी जिथे सोडली तिथून पुढे वाटच नव्हती. ओढ्याच्या पात्रातून, दगडांवर पाय टेकत वर जायचं. खांद्यावर जाळी, गळ्यात भिंग, पाठीवर कुप्या. कीटकशास्त्रज्ञाचा हाच गणवेश. दुसऱ्याच वळणावर शेवाळलेल्या दगडावरून सटकलो आणि कमरेपर्यंत पाण्यात. वही वाचली, मनगटावरचं घड्याळ बंद पडलं.

उमेदीच्या वर्षांत मी उडत्या चतुरांमागे ऊर फुटेस्तोवर धावायचो. नर सापडला की शेपटीच्या टोकाचे चिमटे भिंगाखाली बघून जात ठरवायची, केवढा आनंद! आता जाळीची बहुतेकदा काठी होते. पंखवाल्याचा काय भरवसा? भटका चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. तो एखाद्या डबक्यावर घिरट्या घालतोय म्हणून ते डबकं त्याचं माहेर ठरत नाही. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि पंख फुटताना बाहेर येऊन कात, म्हणजे जुनी कातडी, टाकतं. काठावरच्या गवताला ती चिकटलेली मिळाली, तर मात्र तो याच पाण्यात वाढला. म्हणून मी काती गोळा करतो.

वाटेत दगड उलटून पाहिले. स्टोनफ्लाय या किड्याची पिल्लं होती, म्हणजे पाणी गार, वाहतं, स्वच्छ. एका कुपीत चतुराचं पिल्लूही आलं. ते मागच्या दारातून पाण्याची पिचकारी मारून पुढे झेपावतं हे सांगितल्यावर सोबतची विद्यार्थिनी इतकी हसली की कुपी हिंदकळली.

मग तीच थबकली. "सर, हलू नका."

माझ्या गुडघ्याशीच लव्हाळ्याला एक चतुर कातीतून अर्धा बाहेर, उलटा लोंबकळत होता. मेलाय की काय, असं वाटण्याइतका निश्चल. पाय जरा टणक होईपर्यंत तो असाच थांबतो. अचानक उसळी मारून त्यानं कातीचं डोकं धरलं आणि शेपूट ओढून काढली. चुरगळलेल्या कागदासारखे पंख हळूहळू पसरू लागले. मागे उरलेल्या कातीच्या पाठीवरच्या चिरेतून पांढरे दोरे लोंबत होते. ती श्वासनलिकांची अस्तरं. कातीबरोबर तीही सोलून निघतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कोळ्याचं जाळं वाटलं होतं.

पंख वाळून तो उडेपर्यंत आम्ही तिथेच उकिडवे बसलो. त्यानंतर कात डबीत ठेवली, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायला घेतली आणि सवयीनं मनगटाकडे पाहिलं.

"आठ दहा, सर," ती मोबाइल पुढे करत म्हणाली.