200 तासांनी केबल गाऊ लागते

ध्वनिवेड्याच्या घरी गाणं सहसा पूर्ण वाजत नाही. पहिली 40 सेकंदं वाजतात, झांजेची झणझण नीट विरली का ते तपासलं जातं, मग पॉज, मग स्पीकरची केबल बदलायची, मग पुन्हा तीच 40 सेकंदं. गायिकेने श्वास कुठे घेतला ते तोंडपाठ असतं. शेवटच्या कडव्यात ती काय म्हणते, ते विचारू नये.

भाषेवरून माणूस लगेच ओळखू येतो. 'पडदा सरला', 'पार्श्वभूमी काळीभोर झाली', 'बासला (खालच्या स्वरांना) पकड आली'. साक्षीदारही ठरलेला: "ही स्वयंपाकघरात होती, तिलासुद्धा फरक कळला!" नवी केबल लावताना आवाजही जरा वाढवला होता, तेवढं सांगायचं राहून जातं.

केबलचं गणित तसं छोटं आहे. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 0.0115 ओहम. अ‍ॅम्पपासून (म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या यंत्रापासून) स्पीकर 4 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 8 मीटर, म्हणजे 0.09 ओहम. स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 0.4. अंतर 10 मीटर आणि स्पीकर 4 ओहमचा असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. विषय संपला. घोळ होतो तो टोकाशी. सुटलेला एक तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट, आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज तोडतो. प्रोटेक्शन नसेल तर कामातून जातो. टोक सोलून, तंतू पिळून, स्क्रू घट्ट आवळावा. या कामाला पाच मिनिटं लागतात, म्हणून त्यावर कुणी रात्ररात्र चर्चा करत नाही.

केबलवर बाण छापलेला असतो. स्पीकरच्या तारेतला प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट फिरतो, तो बाण वाचायला थांबत नाही. एक अपवाद मात्र खरा आहे: दोन यंत्रांना जोडणाऱ्या काही केबलमध्ये वरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे कोणतं टोक कुठे लावायचं हे बाणावरून कळतं. विजेच्या बाजूचा फ्यूज उलटा लावून 'मोकळेपणा' ऐकणाऱ्यांना मात्र हाही आधार नाही.

मग येतं 'बर्न-इन', म्हणजे नवी वस्तू तासन्‌तास वाजवून मुरवणं. स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीचं रबर आणि त्याला आतून धरून ठेवणारं सस्पेन्शन सुरुवातीच्या काही तासांत थोडं सैल होतं, ते मोजताही येतं. केबलमध्ये सैल व्हायला काही नसतं, तरी तिला 200 तास द्यायचे असतात. रोज 2 तास धरले तर 100 दिवस, आणि तोवर माल परत करायची मुदत बहुधा उलटलेली असते. 200 तासांनी केबलचा आवाज बिघडल्याची तक्रार ऐकिवात नाही. सुधारणाच होते, आणि ती नेमकी पैसे मोजणाऱ्याच्या कानात होते.

फरक खरंच आहे का, हे तपासणं अवघड नाही. आधी आवाजाची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवावी, कारण जरासा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता 'स्वच्छ' वाटतो. स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन जोडण्यांतला फरक 1 टक्क्याच्या आत आणा. साधे मल्टिमीटर विजेच्या 50-60 हर्ट्‌झसाठी बनवलेले असतात, वरच्या स्वरांना ते खोटं बोलतात. म्हणून 100 हर्ट्‌झचा स्वर वाजवून मोजा. मग नाणं उडवून दुसऱ्याने केबल बदलायची, आणि बदलणारा ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. 16 फेऱ्यांत 12 बरोबर आल्या तर दखल घ्यावी, कारण नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. एरवी काळीभोर पार्श्वभूमी ऐकणारे कान त्या दिवशी नेमके थकलेले असतात.

आता खोली, जिच्याकडे कुणी बघत नाही. रॅकला सिरॅमिकचे पाय, जमिनीवरच्या केबलला टेकू, आणि स्वतः बसायचा कोच मागच्या भिंतीला चिकटलेला! ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. खोली 4 मीटर लांब असेल तर 43 हर्ट्‌झचा स्वर दोन भिंतींच्या मध्ये अडकतो: भिंतीजवळ फुगतो, मधोमध जवळजवळ गायब होतो. स्पीकर त्याच्या स्वतःच्या मागच्या भिंतीपासून 1 मीटरवर असेल तर 86 हर्ट्‌झच्या आसपास परतून आलेला आवाज मूळ आवाजाला खातो. बासमध्ये 10-15 डेसिबलचे खड्डे-उंचवटे सर्रास असतात, आणि वाद चाललेला असतो चांदीची तार की तांब्याची.

खुर्ची 30 सेंटिमीटर पुढे ओढा आणि पुन्हा ऐका. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या 38 टक्क्यांवर बसणं ही चांगली सुरुवात आहे, तिथून थोडं मागेपुढे करत जावं. मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर खोलीचा आलेख निघतो. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की तिथे 10 सेंटिमीटर जाडीचं रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल लावा. पातळ फोम सगळीकडे चिकटवू नये. तो वरचे स्वर गिळतो, बासला हात लावत नाही, आणि खोली एकाच वेळी मंद आणि घुमणारी होते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

आणि तारांचं लाल-काळं तपासा, म्हणजे लाल टर्मिनल लालला आणि काळं काळ्यालाच जोडलंय ना ते. मोनो रेकॉर्डिंग लावा, आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो डोक्याभोवती पसरलेला आणि बास पातळ वाटला तर अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा उलटवा आणि पुन्हा ऐका. बास भरून आला तर जोडणी आधी उलटी होती. अशा उलट्या जोडणीच्या 'विशाल, खोलीबाहेर जाणाऱ्या साउंडस्टेज'चं (आवाजाच्या पसाऱ्याचं) श्रेय बिचाऱ्या केबलला मिळालेलं असतं.