तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मोठ्या फायली ठेवता कुठे, आणि सापडतात कशा?

मीडियम फॉरमॅट डिजिटलवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, काम करते म्हटलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याच्या किमतीचा येतो. दुसरा वर लिहिलाय तो. किमतीचं राहू दे, दुसऱ्याचं सांगते.

आधी हिशेब. माझा हॅसलब्लाड 10 कोटी पिक्सेलचा आहे. प्रत्येक पिक्सेलला 16 बिट, म्हणजे 2 बाइट धरले की एक रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, साधारण 200 एमबीची होते. पाचशे फ्रेम काढल्या की 100 जीबी संपले. ऐकणारे इथेच डोळे विस्फारतात, पण खरी जागा खातात त्या पुढच्या फायली. रॉमध्ये पिक्सेलमागे एकच आकडा असतो, संपादनासाठी तिची टिफ ही चित्रफाइल केली की लाल, हिरवा, निळा असे तीन. म्हणजे लेयर (एकावर एक चढवलेले बदलांचे थर) न लावताच 600 एमबी. दोन-चार लेयर चढले की फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची 2 जीबीची मर्यादा ओलांडली जाते, टिफही 4 जीबीला अडते, आणि मग पीएसबी या फोटोशॉपच्या मोठ्या फाइलप्रकाराशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून मी रॉ आणि लेयरवाली मूळ फाइल जपते. त्यांतून काढलेल्या सपाट टिफ आणि जेपेग काम संपलं की सरळ उडवते. त्या पुन्हा काढता येतात.

आता सापडण्याचं. इथे मी एकदा सपशेल आपटले आहे, तेच सांगते.

तेव्हाचा कॅमेरा 5 कोटी पिक्सेलचा होता. दर रविवारी फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर विचारायचं, कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का? मी 'हो' म्हणायचे आणि निवांत झोपायचे. एक दिवस फोटोंची डिस्क बंद पडली. दुसऱ्या डिस्कवरचा कॅटलॉग उघडला तर सगळे फोटो जागच्या जागी! थंबनेल, पसंतीचे तारे, शोधायला दिलेले शब्द म्हणजे कीवर्ड, सगळं. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक उद्गारचिन्ह. पानावरच्या दवाचा एक फोटो मोठा करायला गेले आणि थेंबाच्या कडा विरघळल्या. मूळ 8,272 बाय 6,200 पिक्सेलचा, माझ्या हातात उरलेला प्रिव्ह्यू, म्हणजे बघण्यापुरती छोटी प्रत, जेमतेम दोन हजार पिक्सेल रुंदीची. कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, फोटो कुठे आहे आणि त्याचं काय केलं याच्या नोंदी असतात. त्या जागी मूळ फाइल सापडत नाही, एवढंच ते उद्गारचिन्ह सांगत होतं. ग्रंथालयाचा कार्डांचा खण माझ्याकडे सुखरूप होता, पुस्तकांची कपाटं गेली होती.

दोन कामं वाचली, तीही कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसायचा आळस केला म्हणून. तेव्हापासून आळसाचा नियम केलाय: दोन डिस्कवर प्रती गेल्या आणि दोन्हींचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळले, की मगच कार्ड फॉरमॅट. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रुळवलेलं 3-2-1 सूत्र पुष्कळांना पाठ असतं: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. अडतं ते तिसऱ्या प्रतीपाशी. ती न्यायला-आणायला कंटाळा आला तर घरातल्याच दुसऱ्या खोलीला 'दुसरी जागा' म्हणायचा मोह होतो.

चेकसममध्येही एक गंमत आहे. हॅसलब्लाड कार्डावर थ्रीएफआर फाइल लिहितो, आणि त्यांचं फोकस नावाचं सॉफ्टवेअर ती आत घेताना एफएफएफ बनवतं. फोकसमधले बदल त्या एफएफएफच्या आतच साठतात, म्हणजे नुसता एक्स्पोजर हलवला तरी फाइल बदलली आणि चेकसम बिघडला. डीएनजी या रॉ फाइलच्या प्रकाराचंही तसंच, एक कीवर्ड आत लिहिला की बॅकअपला सबंध फाइल पुन्हा उचलावी लागते. त्यामुळे माझ्यासाठी मूळ म्हणजे थ्रीएफआर. तिला हात लावायचा नाही, नोंदी शेजारच्या काही केबीच्या एक्सएमपी फायलीत. ही जोडी नावावर जुळते. बाहेरून एकीचंच नाव बदललंत तर दुसरी पोरकी. म्हणून नाव एकदाच, आत घेतानाच द्यायचं. सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस, मग क्रमांक. विषय नावात घालत नाही, तो कीवर्डचा प्रांत.

आणि कीवर्ड उद्याच्या स्वतःसाठी लिहायचे. एका जुन्या दाराच्या फोटोला मी 'वास्तुरचना' असा भारदस्त शब्द दिला होता. वर्षभराने शोधत होते 'गंजलेली कडी'. अख्खी दुपार गेली. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी दोन खड्डे: 'विहीर' आणि 'विहिर' हे संगणकाला दोन वेगळे शब्द, आणि 'दऱ्या'मधला अर्धा र दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी साठू शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. मी शब्दांची एक यादीच करून ठेवलीय आणि टाइप न करता तिच्यातून निवडते.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर मी वाद घालत नाही. कामागणिक वेगळा कप्पा हवा असेल तर कॅप्चर वन या सॉफ्टवेअरची सेशन पद्धत सुटसुटीत आहे, सगळा संग्रह एका जागी धुंडाळायचा तर कॅटलॉग. फक्त तारे, मथळे आणि कीवर्ड एक्सएमपीत उतरतायत ना, ते बघा. ते दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतात. रंग-उजेडाचे बदल मात्र सहसा बरोबर येत नाहीत, एकाचं स्लायडर दुसऱ्याला कळत नाही.

त्या बुडालेल्या डिस्कच्या नोंदी मी कॅटलॉगमधून अजून काढलेल्या नाहीत. 'दव' शोधलं की तो फोटो सगळ्यात आधी येतो, उद्गारचिन्हासकट.