तूटफूट नोंदवही

बडोद्यातील रावपुऱ्याजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी गेली अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवते. शाळा गुजराती माध्यमाची असल्यामुळे मराठी घरांतून येणारी मुलेसुद्धा मला ‘बेन’ म्हणतात. प्रयोगशाळेत मदतनीस असलेले काका तेवढे ‘बाई’ म्हणतात. दरवर्षी जानेवारीत बारावीच्या एका विद्यार्थ्याला गुणवत्ता आणि सद्वर्तन या दोन्हींसाठी मिळून एक करंडक दिला जातो. निवड समितीची बैठक सुरू करताना आमचे मुख्याध्यापक न चुकता सयाजीराव महाराजांची आठवण काढतात. 1913 मध्ये याच संस्थानाने तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती, तेव्हा या गावात गुणी विद्यार्थी ओळखण्याचे काम हलक्या हाताने करायचे नाही, असे ते सांगतात. हे ते मनापासून सांगतात आणि मलाही ते पटते.

त्या शनिवारी समितीसमोर दोन नावे होती, एक मुलगा आणि एक मुलगी. परीक्षांच्या साठ गुणांत मुलगी एका गुणाने पुढे होती. वर्तनाच्या चाळीस गुणांचा तक्ता उपस्थिती, वक्तशीरपणा, सहकार्य आणि शालेय मालमत्तेची काळजी अशा चार रकान्यांचा होता. पहिल्या तीन रकान्यांत दोघे अगदी सारखे होते. चौथ्यात मुलाला पूर्ण दहा गुण होते आणि मुलीला सहा, कारण तूटफूट नोंदवहीतील प्रत्येक नोंदीमागे दोन गुण वजा करायचे असा नियम होता आणि तिच्या नावावर दोन ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडण्याच्या तोटीच्या काचनळ्या, फुटल्याची नोंद होती. विज्ञान शाखेसाठी तो रकाना मीच भरला होता आणि खाली सहीही माझीच होती. अंतिम निर्णयापूर्वी मूळ नोंदी समितीला दाखवाव्या लागतात, म्हणून नोंदवही आणायला मी प्रयोगशाळेत गेले.

काका वार्षिक साठा मोजत बसले होते. जूनमध्ये 48 ब्युरेट होत्या, आता 37 भरल्या, म्हणजे अकरा कमी. मी नोंदवही उघडली, तर वर्षभरात ब्युरेटच्या नोंदी होत्या चार, आणि त्यातल्या दोन तिच्या.

“मग बाकीच्या सात कोणी फोडल्या, काका?”

“ज्यांची पानं कोरी आहेत त्यांच्यापैकीच कोणीतरी, बाई. फिल्टर पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात खाली दडपलेल्या काचा मीच काढतो ना रोज.” मग नोंदवहीतल्या एका तारखेवर बोट ठेवून त्यांनी सांगितले, की त्या दिवशी तास संपल्यावर ती एकटीच होती आणि ब्युरेटची तोटी निसटून काच फुटली, तेव्हा दुसरे कोणीही तिथे नव्हते. काका जेवायला गेले होते. ते परत येईपर्यंत अर्धा तास ती दाराशी उभी राहिली आणि ते आल्या आल्या नोंद करायची आहे म्हणून तिने वही मागितली.

मी तिथेच स्टुलावर बसले. जी नोंद केवळ खरे बोलणाऱ्याच्याच हातून होते, तिच्यावरून आम्ही वर्तनाचे गुण कापत होतो. त्या मुलाविषयी माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता आणि आजही नाही. त्याने कदाचित एकही ब्युरेट फोडली नसेल. पण कोऱ्या पानावरून ते सिद्ध होत नाही, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे माझ्या लक्षात यायला हवी होती.

कपाटात प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता, त्यातून तिची वही काढली. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून ते नेमके किती लागते हे मोजणे, हा बारावीचा नेहमीचा प्रयोग. परमँगनेटचा रंग इतका गडद असतो, की ब्युरेटमध्ये खालच्या वक्राऐवजी वरच्या कडेवरून वाचन घ्यावे लागते, आणि फिकट गुलाबी छटा टिकू लागल्याबरोबर तोटी बंद केली नाही तर वाचन वाढते. पहिल्याच प्रयत्नात हे क्वचितच कोणाला जमते. तरीही त्या गठ्ठ्यातील बहुतेक वह्यांत 9.8, 9.8, 9.8 अशी तीन सुबक वाचने होती. हिच्या वहीत 10.6, 9.9, 9.8, 9.8 अशी चार होती, आणि 10.6 च्या शेजारी बारीक अक्षरात ‘रंग गडद झाला, थांबायला उशीर’ असे गुजरातीत लिहिलेले होते. त्याखाली माझ्या लाल शाईत शेरा होता : ‘अव्यवस्थित. पुन्हा लिहा.’ विज्ञानातली गुणवत्ता आणि सचोटी हे दोन निराळे रकाने आहेत असे मानूनच मी तो शेरा मारला होता, आणि वाचन जसे आले तसे लिहिणे हेच तर विज्ञानाचे पहिले काम आहे.

बैठकीत मी सर्व सांगितले. एका सहकाऱ्यांचा आक्षेप होता, की निकष जूनमध्ये जाहीर झालेले आहेत आणि निवडीच्या दिवशी ते बदलणे हा त्या मुलावर अन्याय होईल. त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते मान्य केले. करंडक मुलालाच गेला. मात्र चौथा रकाना पुढील वर्षापासून रद्द करावा, आणि शेवटच्या दोन-तीन नावांविषयी प्रयोगशाळेतील काका, ग्रंथालयातील ताई आणि शिपाई यांना समितीने समोर बसवून विचारावे, असा ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मी उठले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील सर्वांगीण प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे मूल्यमापन करावे अशी तरतूद आहे, आणि ती मला स्वागतार्ह वाटते. पण वर्ग रिकामा झाल्यावर काय घडते ते या माणसांइतके जवळून कोणीच पाहत नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावले. माझ्या हातातील नोंदवही पाहून तिचा चेहरा उतरला.

“बेन, दोन्ही ब्युरेटचे पैसे मी भरलेत. पावत्या घरी आहेत, उद्या आणून दाखवते.”

पावत्यांची गरज नाही, असे मी तिला म्हणाले. मग तिची प्रयोगवही पुढे ओढून मी माझा लाल शेरा खोडला, शेजारी तारीख घालून सही केली आणि वही तिच्या हातात दिली.