उपग्रहाचा शोध आणि एफएफटीची काटकसर

जीपीएसचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा तो रिसीव्हरमधल्या उष्णताजन्य गोंगाटाच्याही खाली बुडालेला असतो. तो तिथून वर काढायचा तो केवळ आकडेमोडीने, आणि ही आकडेमोड किती काटकसरीने करता येते हे स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसल्यावरच मला खऱ्या अर्थाने उमगले.

प्रत्येक उपग्रहाचा १०२३ चिपांचा (म्हणजे ० किंवा १ अशा तुकड्यांचा) ठरलेला कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो. आपल्या नोंदीत तो नेमका कोठून सुरू झाला आणि डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या गतीमुळे, वारंवारता किती सरकली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शोधाव्या लागतात. माझा एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) मी मिलिसेकंदाला २०४८ नमुने या वेगाने चालवतो. डॉप्लरसाठी उणे ५ ते अधिक ५ किलोहर्ट्झपर्यंत ५०० हर्ट्झच्या टप्प्यांनी २१ जागा तपासायच्या, आणि प्रत्येक जागी कोड एकेक नमुना सरकवत २०४८ वेळा जुळवून पाहायचा. असे सरळ मार्गाने गेल्यास एका उपग्रहासाठी सुमारे ८ कोटी ८० लाख गुणाकार होतात.

व्हॅन नी आणि कूनेन यांनी १९९१ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. कोड चक्राकार फिरत असल्यामुळे नोंदीचा एफएफटी (तिच्यातल्या वारंवारता झटपट वेगळ्या काढणारी आकडेमोड) घ्यायचा, त्याला कोडच्या एफएफटीच्या संयुग्मीने (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवलेल्या संख्यांनी) गुणायचे आणि उलट एफएफटी करायचा, की सर्व २०४८ सरकवण्यांची उत्तरे एकदम हाती येतात. कोडचे एफएफटी आधीच काढून साठवून ठेवता येतात, त्यामुळे काम सुमारे ५ लाख १६ हजार गुणाकारांवर येते. याहून सुंदर गोष्ट पुढे आहे: एक मिलिसेकंदाच्या नोंदीच्या वर्णपटात, म्हणजे एफएफटीच्या उत्तरात, शेजारचे दोन बिंदू बरोबर १ किलोहर्ट्झ अंतरावर असतात, म्हणून डॉप्लर बदलण्यासाठी नवा एफएफटी न घेता आहे तोच वर्णपट एक घर सरकवला तरी पुरते. मधल्या ५०० हर्ट्झसाठी आणखी एक एफएफटी घेतला की २१ ऐवजी दोनच लागतात, आणि ते दोन सगळ्या उपग्रहांना चालतात.

एवढे करूनही पहिल्या रात्री गच्चीवरच्या नोंदीत मला एकही उपग्रह सापडला नाही. दोष गणिताचा नव्हता. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर डोंगलची वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकाची दशलक्षात एक भाग एवढी चूकसुद्धा सुमारे १५७५ हर्ट्झ होते, आणि माझा स्वस्त स्फटिक त्याहून कितीतरी पट चुकत होता. उपग्रह माझ्या २१ जागांच्या बाहेरच होते. शोधाची कक्षा वाढवणे आता फारसे महाग नव्हते, कारण वाढीव प्रत्येक जागेसाठी लागत होता तो वर्णपट सरकवणे, एक गुणाकार आणि एक उलट एफएफटी.

क्षीण संदेशांसाठी मात्र एक मिलिसेकंद अपुरा पडतो. दहा मिलिसेकंद सलग जोडले तर डॉप्लरचा टप्पाही दहापट बारीक करावा लागतो आणि मध्येच कोडवर स्वार असलेला माहितीचा बिट उलटून संदेशाचे चिन्ह बदलले तर आधीची बेरीज पुढचीला खोडते. म्हणून मी प्रत्येक मिलिसेकंदाच्या उत्तराचा वर्ग करून दहा वर्गांची बेरीज घेतो. त्यात थोडी संवेदनक्षमता गमवावी लागते, परंतु बिटाच्या चिन्हाची चिंता उरत नाही, आणि दुसऱ्या रात्री आलेखावर गोंगाटाच्या सपाटीतून पहिला शेंडा वर आला तो याच बेरजेतून.