स्क्रीनवर एकच आडनाव, डेटाबेसमध्ये चार

जानेवारीतली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत डेटाबेसचं काम बघते. सातारा जिल्ह्यातला एक साखर कारखाना आमचा क्लायंट आहे. ऊसनोंद, तोडणी चिठ्ठी, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याचं बिल, सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि खाली मोंगोडीबी हा डेटाबेस आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर कोड लिहितो. माझा निम्मा दिवस "आमच्याकडे दिसत नाहीये" ह्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात जातो. कुणाला दिसत नाहीये, कुठल्या स्क्रीनवर, काल दिसत होतं का.

तर तिकीट, म्हणजे क्लायंटने नोंदवलेली तक्रार, असं होतं की एका बिगरसभासद शेतकऱ्याचं बिल निघत नाही. आमच्या लीडने ते दोनदा "युजर एरर, नोंद नीट करावी" असं लिहून बंद केलं होतं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा माझ्याकडे आलं, आणि मला दुसऱ्या कामासाठी तसंही कारखान्यावर जायचंच होतं.

शेतकी ऑफिसात पोचले तर ते काका तिथे बाकावरच बसलेले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली काट्याची पावती त्यांनी माझ्या हातात दिली. "ताई, ऊस जाऊन सव्वीस दिवस झालं. वजन झालंय, पावती हाय, मग बिल कुठं गेलं?" ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि ते तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. काका व्याजाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बिल कुठंय एवढंच विचारत होते.

लॅपटॉप उघडून शेलमध्ये शिरले, म्हणजे डेटाबेसला कमांड टाइप करून प्रश्न विचारायच्या खिडकीत. आमच्या टीममधली बहुतेक मुलं कंपास ह्या मोंगोच्या चित्ररूप टूलमध्ये क्लिक करत बसतात, शेल शिकायचा कंटाळा करतात, आणि मला ते अजिबात पटत नाही कारण कंपास तुम्हाला डेटा दाखवतो पण त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे असतील तर शेलच लागतो. आत शिरल्यावर माझी पहिली सवय म्हणजे नुसतं "डीबी" टाइप करून आपण कुठे आहोत ते बघायचं. "यूज" लिहून डेटाबेसचं नाव चुकलं तर मोंगो काही तक्रार करत नाही, नसलेल्या डेटाबेसमध्ये गुपचूप नेऊन बसवतो, मग तुम्ही काहीही शोधा, रिकामंच येणार. कलेक्शनच्या, म्हणजे एका प्रकारच्या नोंदींच्या गठ्ठ्याच्या, नावाचंही तसंच.

जागा बरोबर होती. काकांचं आडनाव कुऱ्हाडे. नोंदींच्या कलेक्शनमध्ये फाइंड (शोधायची कमांड) मारला, नोंद मिळाली, खोडवा, लागणीची तारीख, गट नंबर, सगळं नीट. तोच फाइंड वजनांच्या कलेक्शनवर मारला तर काहीच नाही, काउंट शून्य. पावती माझ्या हातात आणि स्क्रीनवर शून्य. मग नाव सोडलं आणि पावती नंबरने शोधलं, तर लगेच डॉक्युमेंट समोर, त्यात नाव कुऱ्हाडे, गाव तेच, वजन तेच. मी ते नाव तिथून कॉपी करून फाइंडमध्ये पेस्ट केलं तर सापडलं. पुसून कीबोर्डने टाइप केलं तर परत शून्य. तीनदा करून बघितलं.

मागे टेबलावर बसलेले जुने क्लार्क, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ते तेव्हा म्हणाले, "मॅडम, हे कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे, बोऱ्हाडे ह्यांचंच होतं बघा. मी गेल्या वर्षीच फोनवर सांगितलं होतं तुमच्या ऑफिसला."

त्यांनी खरंच सांगितलं होतं. मी नंतर जुनी तिकिटं काढून बघितली, त्यात शब्दशः लिहिलेलं आहे, "ऱ्ह असलेल्या आडनावांची बिले अडकतात." संगणकाचा कोर्स न केलेल्या माणसाने इतकं अचूक निदान लिहून दिलं आणि आमच्याकडच्या कुणीही ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं नाही.

नवा मोंगो शेल आतून नोडवर चालतो म्हणजे अख्खी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा हाताशी असते. मी दोन्हीकडची नावं घेतली, अक्षरं सुटी केली आणि प्रत्येकाचा युनिकोड नंबर, म्हणजे संगणकात त्या चिन्हाला ठरलेला नंबर, छापला. नोंदीतल्या कुऱ्हाडेमध्ये ८ कोड पॉइंट होते, क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. वजनातल्या कुऱ्हाडेमध्ये ९. तिथे ऱ नव्हताच, साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे २००डी, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. ह्या कॅरेक्टरला स्क्रीनवर रुंदीच नसते. पण त्याचे ३ बाइट असतात, त्यामुळे एक नाव २४ बाइटचं आणि दुसरं २७ चं, आणि मोंगोचा साधा फाइंड बाइट बघतो, चित्र बघत नाही.

ह्यात कुणाचंही टायपिंग चुकलेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. आपला ऱ्ह, ऱ्य मधला आडव्या रेघेचा र युनिकोडमध्ये दोन्ही प्रकारे लिहिता येतो. ऱ वापरून लिहिता येतो, आणि युनिकोड २.० च्या काळापासूनची र, हलन्त, जॉइनर ही रीतही जुन्या मजकुरासाठी अजून चालू ठेवलीय. चिटबॉय, म्हणजे कारखान्याची ऊसनोंद करणारी पोरं, शेतात उभं राहून मोबाइलवर नोंद करतात तेव्हा कीबोर्ड ऱ देतो. काट्यावरच्या जुन्या मशीनवर आधी युनिकोड नसलेला साधा फॉन्ट होता, तिथला मजकूर कन्व्हर्टरमधून येतो आणि तो जॉइनर घालतो. पुढे अजून शोधल्यावर काही नोंदींत तिसरा प्रकार मिळाला, र आणि खाली नुक्ता (टिंब), तोही दिसायला अगदी तसाच.

आणि बिल का निघत नव्हतं? सभासदांना कोड नंबर असतो, त्यांचं कोडवर जुळतं. बिगरसभासदांना कोड नाही म्हणून आमच्यातल्या कुणीतरी पूर्वी लुकअप, म्हणजे दोन कलेक्शन जोडायची पायरी, नाव आणि गावावर लावून ठेवला होता. नावावर माणूस जोडायचा नसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. जुळलं नाही की लुकअप रिकामी यादी देतो, एरर नाही. त्याच्या पुढची पायरी अनवाइंड, ती यादीतला एकेक घटक सुटा करते, आणि अनवाइंडला स्पष्ट सांगितलं नसेल तर रिकामी यादी असलेलं डॉक्युमेंट तो सरळ गाळून टाकतो, तेही एरर न देता. रात्रीचा जॉब सकाळी हिरवा दिसतो, यशस्वी. त्यातून कुऱ्हाडे काका गळलेले असतात आणि कुठल्याच लॉगमध्ये त्यांचं नाव नसतं.

मग असे किती आहेत ते काढायला बसले. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात, बॅकस्लॅश यू २००डी लिहिलं. शेलमधल्या जावास्क्रिप्टला ते चालतं, पण फाइंडमधला रेजेक्स सर्व्हरवर जातो, तिथे पीसीआरई नावाची वेगळी रेजेक्स लायब्ररी आहे आणि त्याला बॅकस्लॅश यू कळत नाही, तो एरर देतो. तिथे बॅकस्लॅश एक्स आणि महिरपी कंसात २००डी लिहावं लागतं. ह्यात माझा अर्धा तास गेला, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय. मिळाले १९. ह्या हंगामातले १९ शेतकरी, ऊस देऊन बसलेले, बिल नाही.

लीडला फोन केला. ते तिकीट आधी दोनदा त्यानेच बंद केलेलं, पण तो विषय मी काढला नाही. तो म्हणाला सोपं आहे, सगळीकडे र्य आणि र्ह शोध, ऱ्य ऱ्ह करून टाक, एक अपडेटमेनी (सगळ्या नोंदी एकदम बदलायची कमांड), पाच मिनिटांचं काम. तो मराठीच आहे, तरी असं म्हणाला ह्याचं मला अजून वाईट वाटतं. मी अपडेटच्या आधी तीच अट फाइंडला देऊन बघते, नेहमीच. यादी आली आणि त्यात वरच्याच ओळींत सूर्यवंशी, सूर्यकांत, धैर्यशील. त्या भागात धैर्यशील किती असतील विचार करा. ते अपडेट चाललं असतं तर सगळ्यांचं नाव बिघडलं असतं. शाळेत आपल्याला आचार्यास आणि आचाऱ्यास शिकवतात, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी, दर्या आणि दऱ्या. रफार आणि तो र ही वेगळी अक्षरं आहेत, मशीनला नियम देऊन एकाचं दुसरं करता येत नाही.

म्हणून मी फक्त तेवढंच बदललं जे निर्विवाद एकच आहे. नुक्त्याचा प्रकार नॉर्मलाइझने आपोआप ऱ होतो, एनएफसी म्हणतात त्याला, पण सर्व्हरवर तशी सोय नाही म्हणून नावं शेलमध्ये ओढून, नॉर्मलाइझ करून बल्कराइटने एकगठ्ठा परत लिहिली. जॉइनरला एनएफसी हात लावत नाही, तो रिप्लेसऑलने वेगळा बदलला, तोही फक्त र आणि हलन्तच्या लगेच पुढे असेल तर. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये जुनं नाव वेगळ्या फील्डमध्ये जसंच्या तसं ठेवलं. दुसऱ्याच्या नावाला हात लावतोय तर परतीची वाट हवी.

उरला चौथा प्रकार, रफार देऊन लिहिलेलं कुर्हाडे. हे काट्यावरच्या एका ऑपरेटरकडून येतं, त्याला त्या मशीनवर ऱ सापडत नाही. अशी ७ नावं होती. ती मी छापून अण्णांना दिली, त्यांनी पेन घेऊन एकेक वाचलं, दोघांना तिथूनच फोन लावला, "आडनाव कसं लिहिता तुम्ही, आधार कार्डावर कसंय?" एकाने सांगितलं, आमच्यात रफारच देतात. ते तसंच ठेवलं.

जॉब त्या रात्री परत चालवला, काकांचं बिल निघालं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी फोन करून सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा जड झाला होता.

पण मग मी ते करून बसले ज्यामुळे हे लिहितेय. तोच फाइंड गेल्या हंगामाच्या कलेक्शनवर मारला. ११ जण निघाले. पैसे बुडाले नव्हते कुणाचे, अण्णांनी त्या सगळ्यांची व्हाउचरं हाताने करून दिली होती, जो जो ऑफिसात आला त्याची. वजनाची तारीख आणि व्हाउचरची तारीख ह्यांच्यातले दिवस शेलमध्येच काढले. सगळ्यात कमी २३, सगळ्यात जास्त ६१.

ती यादी, तारखांसकट, मी लीडला आणि आमच्या मॅनेजरला मेल केली आणि विचारलं की हे कारखान्याला आपण सांगणार ना, कारण ६१ दिवसांतले १४ सोडले तर बाकीच्या दिवसांचं व्याज होतं आणि चूक आपल्या लुकअपची आहे. मॅनेजरचं उत्तर आलं, "लेट्स डिस्कस." आता मार्च संपत आला, गाळप बंद व्हायच्या बेतात आहे. लुकअप मी बदललाय, आता बिगरसभासदांनाही नोंद करतानाच नंबर मिळतो आणि जुळलं नाही तर जॉब लाल होतो. ती चर्चा अजून झालेली नाही. परवा अण्णांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता, बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, ते गेल्या वर्षीचं काय झालं?" मी म्हटलं विचारते, आणि आज परत मेल टाकलाय, ह्या वेळी ११ नावं वरच्या ओळीत लिहून.